देवाच्या शेतातली पहाट

ईस्टरच्या आदल्या शनिवारी नवापूरकडच्या आमच्या दफनभूमीत चुन्याची बादली फिरते. बायका कबरींवरचे वाळके गवत उपटतात, क्रुसावरची पुसट नावे पोरे काळ्या रंगाने पुन्हा गिरवतात. रविवारी तांबडे फुटायच्या आत सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन तिथे हजर असते. सणाच्या दिवशी, चहा घेण्याआधी, माणसे कबरीपाशी का जातात, असे शेजारी विचारतात. त्याचे उत्तर फार जुने आहे : ईस्टर हा क्रुसावर मेलेला येशू कबरीतून पुन्हा उठल्याचा सण.

येशूला क्रुसावर दिले ते यहुद्यांच्या वल्हांडण सणात, आणि तो सण पौर्णिमेचा. म्हणून ईस्टरची तारीख आजही चंद्रावर ठरते. सर्व ख्रिस्ती मंडळ्यांनी ईस्टर एकाच रविवारी पाळावा, असे ३२५ साली निकीयाच्या धर्मसभेत ठरले. पुढे रूढ झालेला हिशेब असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. आपल्या पंचांगात पाहिले तर बहुधा हनुमान जयंतीची पौर्णिमा, कधी होळीची. २०२४ मध्ये सातपुड्यात होळ्या पेटल्या आणि आठवडाभरात, ३१ मार्चला, ईस्टर आला. २०२५ मध्ये तो २० एप्रिलला होता.

मेलेले उठतील ही आशा येशूच्या आधीपासून यहुद्यांत होती, पण त्यावर एकमत नव्हते. त्यांच्यातला परूशी पंथ ती मानत असे, सदूकी पंथ साफ नाकारत असे. येशूच्या शिष्यांचे म्हणणे वेगळेच होते : जे जगाच्या शेवटच्या दिवशी व्हायचे, ते एकाच्या, येशूच्या, बाबतीत आत्ताच झाले. आणि ही बातमी पहिल्यांदा आणली ती पहाटे कबरीकडे गेलेल्या बायकांनी. त्या काळी बायकांच्या साक्षीला फारसे वजन नव्हते. कोणी कथा रचलीच असती तर साक्षीला पुरुष उभे केले असते, असे मला मनापासून वाटते.

सुमारे वीस-पंचवीस वर्षांनी प्रेषित पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिले. त्यातला पंधरावा अध्याय खान्देशातल्या शेतकऱ्याला कोणी फोड करून सांगावा लागत नाही. पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही, आणि आपण पेरतो तो नुसता दाणा असतो, उगवणारे अंग नव्हे, असे पौल म्हणतो. दादर ज्वारी पेरणाऱ्याच्या मुठीत एवढासा दाणा असतो. पुढे ताट माणसाच्या डोक्यावर जाते. दाणा तोच, पण रूप किती निराळे! पुनरुत्थान म्हणजे केवळ आत्मा अमर असणे नव्हे, देहाचेही नवे होणे, हे इथे कळते. म्हणून आम्ही देह मातीत ठेवतो, आणि ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ असे कबरीवर लिहितो. दफनभूमीसाठी आद्य ख्रिस्ती लोकांनी वापरलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही ‘निजण्याची जागा’ असाच आहे.

पहाटेच्या उपासनेचा धागा जर्मनीत सापडतो. १७३२ साली सॅक्सनीतल्या हेर्नहूट गावी मोरेव्हियन पंथाचे काही तरुण ईस्टरच्या पहाटे गावाच्या दफनभूमीत गाणी म्हणत जमले. दफनभूमीला जर्मन भाषेत ‘देवाचे शेत’ असाही शब्द आहे. पुढे मिशनऱ्यांबरोबर ही रीत जगभर गेली.

आपल्याकडे १८९९-१९०० च्या दुष्काळाने खान्देश होरपळला. १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. फ्रेड्रिक फ्रान्सन यांनी १८९० मध्ये स्थापलेल्या स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनचे लोक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खान्देशात आले. भिल्ल आणि मावची पाड्यांवर मंडळ्या उभ्या राहिल्या, तशा गावोगावी दफनभूमीही आल्या.

माझी आजी निरक्षर होती, पण पौलाचा तो अध्याय तिला तोंडपाठ होता. तिची कबर बांधाला लागून आहे. ईस्टरच्या पहाटे तिथे मेणबत्ती लावताना पलीकडच्या वावरात काढलेल्या गव्हाचे धसकट पायाला टोचते. मग पाळक मोठ्याने म्हणतात, “ख्रिस्त उठला आहे!” आणि अंधारातून सगळे उत्तर देतात, “खरोखर उठला आहे!”