फास्ट फूड आणि अमेरिकेतील शेती, मांसउद्योग व कामगार

मोजके ठरलेले पदार्थ, कारखान्यातून जवळजवळ तयार होऊन आलेल्या मालापासून, काही मिनिटांत बनवून विकण्याच्या पद्धतीला फास्ट फूड म्हणतात. ही पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, विशेषतः दक्षिण कॅलिफोर्नियात आकाराला आली. गिऱ्हाइकाला तिचा फक्त काउंटर दिसतो. बटाट्याची शेते, गुरे पुष्ट करणारे फीडलॉट, कत्तलखाने आणि तेथे राबणारी माणसे हा तिचा कितीतरी मोठा भाग नजरेआड राहतो. प्रस्तुत नोंद त्या भागाविषयी आहे.

रिचर्ड व मॉरिस मॅकडोनाल्ड या बंधूंनी १९४८ मध्ये सॅन बर्नार्डिनो येथील आपले चालते उपाहारगृह काही काळ बंद ठेवून नव्या रीतीने उघडले. पदार्थांची यादी त्यांनी अगदी आखूड केली, काचेची-चिनी मातीची भांडी काढून कागदी वेष्टने आणली आणि स्वयंपाकाचे तुकडे पाडले : एकाने फक्त मांसाच्या टिकिया भाजायच्या, दुसऱ्याने फक्त पाव भरायचा, तिसऱ्याने फक्त बटाटे तळायचे. त्यामुळे सगळे येणाऱ्या स्वयंपाक्याची गरज उरली नाही. मिल्कशेकची यंत्रे विकणारे रे क्रॉक यांनी १९५५ मध्ये इलिनॉयमधील डेस प्लेन्स येथे मॅकडोनाल्ड्सची आपली शाखा काढली आणि १९६१ मध्ये बंधूंना २७ लाख डॉलर देऊन सर्व हक्क विकत घेतले. उपाहारगृहांची ही साखळी देशभर पसरली, तशी तिची एक अट मालाच्या उगमापर्यंत जाऊन पोचली : कोणत्याही गावी, कोणत्याही महिन्यात पदार्थाची चव आणि आकार एकच हवा. पुढचे बरेचसे बदल या एका अटीतून उद्भवले.

बटाट्याचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. ताज्या बटाट्यातील साखरेचे प्रमाण हंगामाप्रमाणे व साठवणीप्रमाणे बदलते. थंडीत ठेवलेल्या बटाट्यात साखर वाढते आणि तळल्यावर तो काळपट पडतो. आयडाहोतील उद्योजक जे. आर. सिम्प्लॉट यांच्या कंपनीने १९४० च्या दशकात गोठवलेल्या फ्राइज विकसित केल्या आणि १९६० च्या दशकात क्रॉक यांच्याशी त्यांचा व्यवहार जुळला. कारखान्यात बटाटे वाफेने सोलले जातात, पाण्याच्या जोरदार प्रवाहाबरोबर पात्यांच्या जाळीतून फेकले जातात आणि पलीकडे एकसारख्या काड्या होऊन पडतात. त्या अर्ध्या तळून गोठवल्या जातात. लांबट आणि पिष्टमय ‘रसेट बरबँक’ वाण या कामाला सोयीचा असल्याने शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर लावला. खरेदी करणारे कारखाने मोजके आणि पिकवणारे पुष्कळ, अशा बाजारात भाव कोण ठरवतो हे वेगळे सांगायला नको.

गोमांसाच्या धंद्यात उलथापालथ याहून मोठी झाली. शिकागोचे युनियन स्टॉकयार्ड्स, म्हणजे गुरांचा मोठा बाजार व त्याभोवतीचे कत्तलखाने, १८६५ पासून या धंद्याचे केंद्र होते. १९४३ मध्ये स्थापन झालेल्या ‘युनायटेड पॅकिंगहाउस वर्कर्स’सारख्या संघटनांनी दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील कामगारांना चांगले वेतन मिळवून दिले होते. १९६० च्या सुमारास आयोवात सुरू झालेल्या आयोवा बीफ पॅकर्स या कंपनीने कारखाने शहरातून उचलून गुरांजवळच्या लहान गावांत नेले. आकड्याला टांगून सरकत येणाऱ्या जनावरावर प्रत्येकाने एकच काप द्यायचा, अशी कामाची वाटणी केली आणि १९६७ पासून अख्ख्या धडाऐवजी कापलेले, खोक्यांत भरलेले मांस विकायला काढले. कुशल खाटकाचे हत्यार तेच राहिले, पण त्याची विद्या निरुपयोगी झाली. मॅकडोनाल्ड बंधूंनी स्वयंपाकघरात जे केले तेच येथे घडले, असे म्हणता येईल. स्पर्धेत टिकण्यासाठी जुन्या कंपन्यांनी वेतन कापले किंवा कारखाने बंद केले. शिकागोचे यार्ड १९७१ मध्ये बंद झाले, आणि एके काळी कारखानदारीच्या सरासरीपेक्षा अधिक असलेले या धंद्यातील वेतन १९८० च्या दशकात तिच्याखाली घसरले.

१९८० मध्ये पुष्ट गुरांच्या कत्तलीपैकी सुमारे ३६ टक्के कत्तल चार मोठ्या कंपन्यांकडे होती. आता टायसन, जेबीएस, कारगिल आणि नॅशनल बीफ या चौघींकडे ती सुमारे ८५ टक्के आहे. मांसकंपन्यांची मक्तेदारी रोखण्यासाठी केलेला १९२१ चा पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स कायदा या साऱ्या काळात अस्तित्वात होता. कोंबड्यांच्या बाबतीत शेतकऱ्याचे स्वातंत्र्य आणखी आक्रसले आहे. पिल्ले, खाद्य आणि औषधे कंपनीची असतात. शेड, वीज, मेलेल्या कोंबड्यांची विल्हेवाट आणि बँकेचे कर्ज शेतकऱ्याचे. मोबदलाही बहुधा त्याच सुमारास कोंबड्या देणाऱ्या इतर शेतकऱ्यांशी तुलना करून क्रमवारीने ठरतो, जरी पिल्लांची आणि खाद्याची प्रत त्याच्या हाती नसली तरी.

कत्तलखान्यातील पट्टा ज्या वेगाने सरकतो, त्या वेगाने हात चालवावा लागतो. थंडगार दालनात, जाळीचे पोलादी हातमोजे घालून, एकच काप पाळीभरात हजारो वेळा दिला जातो. पट्टा वेगात असला की सुरीला धार लावायलाही सवड मिळत नाही, आणि बोथट सुरीला जोर जास्त लागतो. मनगट, कोपर व खांदा यांचे विकार त्यातून जडतात. कामगार फार काळ टिकत नाहीत आणि त्यांच्या जागी मुख्यतः स्थलांतरित व निर्वासित येतात. १२ डिसेंबर २००६ रोजी स्विफ्ट या मांसकंपनीच्या सहा कारखान्यांवर स्थलांतर खात्याने घातलेल्या छाप्यांत सुमारे १,३०० स्थलांतरित पकडले गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्याने आठ राज्यांतील १३ मांसकारखान्यांत रात्री यंत्रे धुण्याच्या धोकादायक कामावर ठेवलेली १३ ते १७ वर्षे वयाची १०२ मुले शोधून काढली आणि त्यांना नेमणाऱ्या सफाई कंपनीला १५ लाख डॉलर दंड केला.

खाणाऱ्याच्या रक्षणासाठी कायदा जितक्या तत्परतेने धावला, तितका कामगारासाठी धावलेला दिसत नाही. शिकागोतील कारखान्यांच्या घाणीविषयी १९०६ मध्ये गदारोळ उठला आणि त्याच वर्षी मांसतपासणीचा कायदा झाला. कामगारांच्या सुरक्षेचा देशव्यापी कायदा १९७० मध्ये आला. खिम्याच्या एका टिकियेत अनेक जनावरांचे, बहुधा दूध आटलेल्या गाईंचेही, मांस मिसळलेले असते, त्यामुळे एका जनावराचा संसर्ग दूरवर पसरतो. १९९३ मध्ये जॅक इन द बॉक्स या साखळीच्या बर्गरमधून पसरलेल्या ई. कोलाय ओ१५७:एच७ या जंतूने ७०० हून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुले दगावली. पुढच्याच वर्षी सरकारने खिम्यातील हा जंतू भेसळ ठरवला. याउलट वारंवार एकच हालचाल केल्याने होणाऱ्या इजांविषयीचा, नोव्हेंबर २००० मध्ये जाहीर झालेला नियम अमेरिकी काँग्रेसने (संसदेने) मार्च २००१ मध्येच रद्द केला. नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट येथे ३ सप्टेंबर १९९१ रोजी कोंबडीवर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि कुलूपबंद दारांमुळे २५ जण मृत्युमुखी पडले. त्या कारखान्याची अकरा वर्षांत एकदाही सुरक्षा तपासणी झाली नव्हती. मांस तपासणारा निरीक्षक मात्र तेथे नियमित येत असे.

साखळ्यांची खरेदीशक्ती उलट दिशेनेही वापरता येते, हे फ्लोरिडातील इमोकली येथील टोमॅटो तोडणाऱ्यांनी दाखवले. ३२ पौंडांच्या बादलीमागे पन्नास सेंटांहूनही कमी मजुरी मिळत असताना त्यांच्या संघटनेने २००१ मध्ये शेतमालकांऐवजी टॅको बेल या टोमॅटो विकत घेणाऱ्या फास्ट फूड साखळीवर बहिष्कार पुकारला. मागणी पौंडामागे एक सेंट जादा एवढीच होती. २००५ मध्ये ती मान्य झाली, आणि मॅकडोनाल्ड्स व बर्गर किंग यांनीही नंतर तसेच करार केले. काउंटरमागच्या कामगारांचा लढा २९ नोव्हेंबर २०१२ रोजी न्यूयॉर्कमधील संपाने सुरू झाला; त्यांची मागणी तासाला १५ डॉलरची होती. देशाचे किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलरवरच थांबले आहे. कॅलिफोर्नियाने मोठ्या साखळ्यांसाठी १ एप्रिल २०२४ पासून ते २० डॉलर केले. त्याच साखळ्यांना माल पुरवणारे शेतमजूर आणि कत्तलखान्यांतील कामगार त्या तरतुदीबाहेर आहेत, आणि शेतमजुरांना तर संघटना बांधण्याच्या हक्काचे संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या देशव्यापी कायद्यातूनही वगळलेले आहे.