रेंज फुल्ल, तरी नेट का तुटतं?

बाबा रोज रात्री साडेआठला नातीशी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करतात. ती नाशिकला, आम्ही डोंबिवलीत. गेल्या पावसाळ्यात हा कॉल रोज तुटायला लागला. पहिली दहा मिनिटं बरी जायची, मग नातीचा चेहरा थिजायचा, आवाज तुकड्यातुकड्यांनी यायचा आणि शेवटी सगळंच बंद. वायफायच्या चिन्हातल्या पट्ट्या मात्र पूर्ण भरलेल्या. दोष नेटवाल्याचाच, यावर घरात एकमत झालं. तक्रार केली, माणूस येऊन वायर बदलून गेला, मी जास्त वेगाचा प्लॅनही घेतला. फरक शून्य.

उलगडा झाला तो माऊसमुळे. एका रात्री मी बाबांच्या मागे उभा होतो. चेहरा थिजला त्याच क्षणी पडद्यावरचा बाणही अडखळायला लागला. माऊस बिनवायरचा, त्याचा नखाएवढा डोंगल लॅपटॉपच्या कडेला खोचलेला. आता माऊस आणि लॅपटॉप यांच्यामध्ये इंटरनेट कुठेच येत नाही. नेटवाल्याची लाइन बंद पडली तरी माऊसला त्याचं सोयरसुतक नसतं. तरीही दोघं एकदम अडखळतात, म्हणजे दोघांमध्ये जे सामाईक आहे तिथेच दुखणं असणार. सामाईक होता तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ पट्टा, म्हणजे वायफाय आणि माऊस दोघंही ज्या रेडिओ लहरींवर बोलतात तो टापू.

‘नेट गेलं’ या दोन शब्दांत आपण दोन वेगळे टप्पे एकत्र करतो. लॅपटॉप ते राऊटर हा घरातला बिनवायरचा टप्पा, आणि राऊटरच्या पुढे नेटवाल्याचा वायरचा टप्पा. स्पीड टेस्ट दोन्हींची मिळून होते, म्हणून ती दोषी दाखवत नाही. त्यापेक्षा लॅपटॉपवरून थेट राऊटरला पिंग करावं. राऊटरचा पत्ता बहुधा त्याच्या मागच्या स्टिकरवर असतो, बऱ्याच घरांत तो १९२.१६८.१.१ असतो. पिंग म्हणजे नुसती हाक: मी ओ म्हणतो, तू ओ म्हण. घरातल्या घरात उत्तर दोन ते दहा मिलिसेकंदांत यायला हवं. ते दर वेळी वेळेवर येत असेल आणि तरी नेट अडत असेल, तर नेटवाल्याला खुशाल फोन करा. पण हाकेला उत्तर यायलाच अर्धा सेकंद लागत असेल किंवा उत्तरच येत नसेल, तर प्लॅन बदलून उपयोग नाही. गोष्ट घरातलीच आहे.

आमच्याकडे बाबा कॉलवर बोलत असताना मी पिंग चालू ठेवलं. तीन, चार, तीन, पाच. मग बाबा म्हणाले, “थांब हं, तुझ्या बारशाचे फोटो दाखवतो,” आणि त्यांनी बाहेरची हार्ड डिस्क लॅपटॉपला जोडली. चारशे. नऊशे. उत्तर नाही. उत्तर नाही. डिस्क काढली, पुन्हा चार. रोजचा कॉल दहा मिनिटांनी का तुटायचा, ते समोर दिसलं: बाबा फोटोंकडे वळायचे तेव्हा.

हे वाचून विश्वास बसणार नाही, पण दोष डिस्कचा नव्हता. ज्या आतून निळ्या खाचेत ती जोडतात त्या यूएसबी ३ ची ही अंगभूत सवय आहे. त्या वायरीतून सेकंदाला ५ अब्ज बिटांच्या वेगाने माहिती धावते. एवढ्या वेगाने विजेचा दाब वरखाली झाला, की वायर आणि जोडणी स्वतःच बारीकसा रेडिओ गोंगाट बाहेर टाकतात, आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासही पसरतो. इंटेल कंपनीने २०१२ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली. डिस्क जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने वाढला होता. म्हणजे शंभरपट.

आता वायफायच्या चिन्हातल्या पट्ट्या भरलेल्या का दिसत होत्या, हे कळतं. ते चिन्ह मुख्यतः राऊटरचा आवाज किती मोठा येतोय तेवढंच सांगतं, शेजारी गोंगाट किती आहे हे सांगत नाही. मिक्सर चालू असताना ओट्यापाशी उभ्या माणसाचा आवाज काही लहान झालेला नसतो, तरी शब्द कळत नाहीत. राऊटरकडून लॅपटॉपपर्यंत पोचणारा संदेश मुळातच किती क्षीण! राऊटर फेकतो साधारण दहावा हिस्सा वॅट, आणि खोलीभर अंतरावरच्या लॅपटॉपला मिळतो तो वॅटचा एक अब्जावा हिस्सा किंवा त्याहून कमी. तेवढ्यावर चित्र आणि आवाज उमटतो याचं मला आजही अप्रूप वाटतं. अशा कुजबुजीच्या कानाशी गोंगाट उभा केला तर बिचारी तग कशी धरणार?

वायफाय मुकाट्याने हार मात्र मानत नाही. प्रत्येक संदेशाची पोच मागितली जाते. पोच आली नाही की पाठवणारा थोडं थांबून तोच संदेश पुन्हा पाठवतो. पुन्हा पोच नाही, तर थांबण्याची मर्यादा दुप्पट करतो. शिवाय ऐकणाऱ्याला नीट कळावं म्हणून सावकाश बोलायला लागतो. सावकाश बोललं की तेवढाच मजकूर सांगायला जास्त वेळ लागतो, आणि तो वेळ घरातल्या आणि शेजारच्या सगळ्यांच्या वाट्यातून जातो, कारण एका चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या एका कप्प्यात, एका वेळी एकानेच बोलायचं असतं. वेब पान उघडताना हा उशीर खपून जातो. व्हिडिओ कॉलमध्ये खपत नाही, कारण तिथे अर्ध्या सेकंदाने आलेला शब्द हा न आलेला शब्द असतो.

शेजाऱ्यांचं प्रकरणही मोठं आहे. २.४ चा पट्टा सगळा मिळून ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा. त्यात भारतात १३ चॅनेल आहेत, पण ते ५-५ मेगाहर्ट्झच्या अंतरावर, आणि एकेक चॅनेल जागा खातो २० ते २२ मेगाहर्ट्झ. म्हणून एकमेकांवर न चढणारे सहसा तीनच वापरले जातात: १, ६ आणि ११. चाळीसारख्या दाट सोसायटीत वीस-वीस राऊटर या तीन जागांवर दाटीवाटीने बसतात. कोणी मोकळी जागा शोधून ३ किंवा ४ वर गेला तर तो शहाणपणा नव्हे. एकाच चॅनेलवरचे राऊटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि पाळी लावतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचं बोलणं मात्र निव्वळ गोंगाट होऊन बसतं, स्वतःलाही आणि शेजाऱ्यालाही.

म्हणून जमेल तिथे लॅपटॉप वायफायच्या दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा. (राऊटरच्या नावापुढे लिहिलेल्या ‘५ जी’चा मोबाइलच्या ५ जीशी काही संबंध नाही.) या पट्ट्यात भारत सरकारने २०१८ साली ६०५ मेगाहर्ट्झ एवढी जागा विनापरवाना खुली केली. कुठे ८३ आणि कुठे ६०५! आम्ही बाबांचा लॅपटॉप तिकडे नेला, माऊसचा डोंगल एका एक्स्टेन्शन वायरने डिस्कपासून हातभर लांब नेला. त्या दिवसापासून बारशाचे फोटो आणि नातीचा चेहरा एकत्र नांदतात.

५ गिगाहर्ट्झची अडचण एकच, ती लहर भिंतींना लवकर हार जाते. सळ्या घातलेला काँक्रीटचा खांब, आरसा, लोखंडी कपाट यांच्यापुढे तिचं फारसं चालत नाही. पाणी तर दोन्ही लहरी पिऊन टाकतं. बाथरूमच्या माळ्यावर पाण्याची टाकी असलेल्या जुन्या फ्लॅटमध्ये पलीकडच्या खोलीत रेंज का जात नाही, याचं उत्तर पुष्कळदा त्या टाकीतच असतं. राऊटर चपलांच्या कपाटात किंवा टीव्हीमागे कोंबू नये, उंचावर आणि उघड्यावर ठेवावा. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी सरळ आलेल्या लहरींना कुठे बळ देतात, कुठे मारतात, आणि या दोन जागांमध्ये तीन-चार सेंटिमीटरचंच अंतर असू शकतं. त्यामुळे टेबल हलवण्याआधी लॅपटॉप चार बोटं सरकवून पाहा. हा तोडगा पोरकट वाटतो, पण पक्का शास्त्रीय आहे.

फोन त्याच जागी नीट चालतो आणि लॅपटॉपच तेवढा तुटतो, असं असेल तर लॅपटॉपकडे वळायचं. चार्जर लावल्यावर बरा आणि बॅटरीवर वाईट, तर वीज वाचवण्याची सेटिंग बघा. राऊटर दर १०२.४ मिलिसेकंदांनी ‘कुणाचं काही आलंय’ अशी हाळी देतो. वायफायचं कार्ड मध्ये डुलकी काढतं आणि हाळीला जागं होतं. काही लॅपटॉपमध्ये ही डुलकी फार गाढ होते. ती बंद करता येते.

आणि एक जागा सहसा कोणी तपासत नाही. लॅपटॉपचा अँटेना बहुतेक वेळा पडद्याच्या चौकटीत दडवलेला असतो, आणि त्याच्या केसासारख्या बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. झाकण रोज चार वेळा उघडलं-मिटलं, तर पाच वर्षांत त्या वायरींना सात हजारांवर वेळा मुरड पडते. पिंग चालू ठेवून झाकण हळूहळू मागेपुढे करा. एका विशिष्ट कोनात आकडे उसळले, तर वायर झिजली आहे. दुरुस्तीवाला ती बदलून देतो, नवा लॅपटॉप घ्यावा लागत नाही.