छतबागेतील किडी (नागपूर)

छतबागेतील किडी : गच्चीवर, बाल्कनीत किंवा अंगणातल्या कुंड्यांत लावलेल्या भाज्या, फुलझाडे आणि लिंबूवर्गीय झाडे यांचा रस शोषणारे, पाने खाणारे वा फळे पोखरणारे कीटक. लाल कोळी आठ पायांचा असल्यामुळे शास्त्राने तो कीटक ठरत नाही. पण नागपूरच्या उन्हाळ्यात गच्चीवर सर्वांत जास्त नासधूस बहुधा तोच करतो, म्हणून त्याला येथे वगळून चालत नाही.

नागपुरात कीड ऋतू पाहून येते. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात लाल कोळी फोफावतो. ३० अंशांच्या आसपास त्याची एक पिढी आठ-दहा दिवसांत पुरी होते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, झाडेच होरपळतात, आणि मृगाच्या सरींनी कोळी बराचसा धुऊन निघतो. पाऊस स्थिरावला की नव्या पालवीवर, संत्रा बागायतदारांच्या भाषेत ‘नवती’वर, नागअळी आणि पाने खाणाऱ्या अळ्या दिसू लागतात. थंडीत वाल, फुलकोबी, मुळा, शेवंती यांवर मावा बसतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने नेल्या जाणाऱ्या मारबत या पुतळ्याला घरातली ईडापीडा, माश्या, ढेकूण घेऊन जायला सांगतात. गच्चीवरच्या किडीचा जोर नेमका त्याच सुमारास वाढलेला असतो.

ओळख पटवताना पान उलटे करून पाहणे हा पहिला नियम. रस शोषणाऱ्या बहुतेक किडी पानाच्या खालच्या बाजूला राहतात आणि माणूस वरून पाहून औषध फवारतो. पांढरा कागद धरून त्यावर फांदी झटकावी. ठिपक्याएवढे काही चालताना दिसले, त्यावर बोट फिरवले आणि तांबूस रेघ उमटली तर तो कोळी; लांबट, पिवळसर, चपळ असेल तर फुलकिडे; फांदी हलवताच पांढरी भुकटी उडाल्यासारखे झाले तर पांढरी माशी. मावा फारसा हलत नाही. तो कोवळ्या शेंड्यावर दाटीने बसलेला असतो आणि नराविनाच जिवंत पिलांना जन्म देतो, त्यामुळे चार-पाच मावे आठवड्याभरात शेंडा झाकून टाकतात.

मिरचीचा चुरडा-मुरडा हे घरोघरी गोंधळ घालणारे लक्षण आहे. पानाच्या कडा वर वळून ते होडीसारखे झाले तर फुलकिडे. कडा खाली वळून होडी पालथी झाली तर डोळ्यांना न दिसणारा पिवळा कोळी. पाने बारीक, गुच्छासारखी होऊन झाड खुजे राहिले तर पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. पहिल्या दोहोंवर उपाय आहे. तिसऱ्यात झाड उपटून टाकण्याशिवाय इलाज नाही, आणि तरीही लोक महिनाभर त्यावर काहीबाही शिंपडत राहतात. भिवापुरी मिरचीच्या जिल्ह्यात तरी हा फरक ठाऊक असायला हरकत नाही.

कधी कधी कीड मुळी नसतेच. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी कुंडीत ओतण्याची पद्धत शहरात सर्रास आहे. दिवसभर बाष्पीभवन होऊन त्या पाण्यात क्षार साचलेले असतात. त्याने पानांची टोके व कडा तपकिरी होतात आणि दोष किडीच्या माथी जातो.

संत्री, लिंबू आणि गोडलिंब (कढीपत्ता) ही एकाच कुळातली झाडे, म्हणून त्यांचे काही शत्रूही सामाईक आहेत. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी वस्तू नीट पाहिली तर ती लिंबावरील फुलपाखराची लहान अळी निघते. मोठी झाल्यावर ती हिरवी होते आणि डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी, उग्र वासाचा दुभागलेला अवयव बाहेर काढते. कुंडीतला छोटा गोडलिंब ती दोन-तीन दिवसांत बोडका करते; हाताने वेचणे पुरते. नागअळी कोवळ्या पानात चंदेरी, नागमोडी बोगदे पाडते. कोवळ्या शेंड्यावरची सायला ही बारीक कीड दिसायला क्षुल्लक, पण ती लिंबूवर्गीय झाडांत ‘ग्रीनिंग’ या घातक रोगाचे जीवाणू पसरवते आणि गोडलिंबावरही वाढते. संत्रा पट्ट्यात ‘कोळशी’ नावाने ओळखला जाणारा रोग म्हणजे काळ्या माशीच्या पिलांनी सोडलेल्या चिकट गोड द्रवावर वाढणारी काळी बुरशी. पाने पुसून भागत नाही, खालची पिले घालवावी लागतात.

जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण हे नागपूरकरांचे कायमचे दुखणे. त्याची एक जात विदर्भाला कापसावरून परिचित आहे. २००५ नंतरच्या काही हंगामांत तिने देशातल्या कापूस पट्ट्यात थैमान घातले होते. गाजरगवतावरही ती सुखाने राहते, त्यामुळे शेजारचा रिकामा प्लॉट रानाने भरलेला असेल तर जास्वंदीवर किती फवारले तरी कीड परत येते. मुंग्या तिच्या गोड द्रवाच्या लोभाने पिलांना फांदीवर नेऊन सोडतात आणि भक्षक कीटकांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडावी, कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवावी. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलेमस हा भुंगेरा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. गंमत अशी की त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी, केसाळ दिसते. फरक एवढाच की ती मोठी असते आणि भराभर चालते. हौशी बागवान तिलाच आधी चिरडतात.

घरगुती बागेत नियंत्रणाची सुरुवात पाण्याने होते. सकाळी पानांच्या खालून जोरदार धार मारल्यास मावा आणि कोळी दोन्ही घटतात. वांग्याचा शेंडा एकाएकी मलूल झाला तर आत अळी आहे असे समजून तो खालपर्यंत कापून नष्ट करावा. युरियाचा हात आखडता ठेवावा, कारण लुसलुशीत वाढीवर मावा तुटून पडतो. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीची, निळे फुलकिड्यांची चाहूल देतात. त्यांनी कीड संपते ही समजूत मात्र खोटी, उलट त्यावर चार उपयोगी कीटकही चिकटतात.

निंबोळी अर्क इथे सहज जमतो, कारण गल्लोगल्ली कडूनिंब आहे. पावसाच्या तोंडावर पडलेल्या निंबोळ्या सावलीत वाळवून बिया फोडाव्यात. ५० ग्रॅम गर कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, गाळून एक लिटर करावा आणि त्यात २ ग्रॅम साबण विरघळवावा. हा ५ टक्के अर्क ताजाच वापरायचा. त्यातले मुख्य द्रव्य, अझाडिरॅक्टिन, उन्हात लवकर निकामी होते, शिवाय नागपूरच्या दुपारी साबण-तेलाने पाने करपतात; म्हणून फवारणी सूर्यास्तानंतर, आणि आधी एका फांदीवर करून पाहावी. व्हर्टिसिलियमसारख्या, कीड मारणाऱ्या मित्रबुरशीला भरपूर दमटपणा लागतो. पावसाळ्यात ती काम देते, एप्रिलमध्ये पैसे वाया.

झुरळ-डासांचे फवारे झाडांवर मारू नयेत. त्यांतील द्रावकाने पाने जळतात. शेतीची औषधे गच्चीवर आणणे त्याहून वाईट. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या भाजीपाल्यावरील वापराला बंदी आहे. २०१७ मध्ये विदर्भातल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेही उघड्या शेतात. गच्चीवर तर बाजूलाच वाळत घातलेले कपडे आणि पाण्याची टाकी असते.