सोळा पानांत मावलेला चेहरा

मोतो हागिओ यांची ‘हानशिन’ ही चित्रकथा पहिल्यांदा वाचली तेव्हा चहा निवायच्या आत संपली, आणि मग तो चहा तसाच राहून गेला. गोष्ट अवघी १६ पानांची. १९८४ साली जपानमध्ये छापून आलेली. ‘हानशिन’ म्हणजे अर्धा देव. यूजी आणि यूशी या शरीराने जोडलेल्या जुळ्या बहिणी. यूशी गोरीगोमटी, देवदूतासारखी. पण तिच्या बुद्धीची वाढ झालेली नाही. यूजी हुशार आहे, पण वाळून काटकी झालेली, कारण अन्नरस सगळा यूशीकडे जातो. दोघींना तोलत, सांभाळत चालायचं तेही यूजीनेच.

शोजो मांगा, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा, १९७०च्या दशकात ज्या तरुण लेखिकांनी बदलून टाकल्या त्यांत हागिओ अग्रणी. इतक्या थोड्या पानांत एवढं आयुष्य कसं बसवलं, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं बरंचसं उत्तर आपल्या डोळ्यांत सापडतं.

हात लांब करून अंगठा धरा. त्याच्या रुंदीएवढाच भाग, सुमारे २ अंशांचा, आपल्याला एका वेळी खरोखर स्पष्ट दिसतो. बाकीचं पान अंधूक असतं. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत पान गोळा करतात, आणि उडी चालू असताना मेंदू दृष्टी दाबून धरतो. आरशासमोर उभं राहून आधी आपल्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे बघा. आपले डोळे हलताना कधीच दिसत नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते स्पष्ट दिसतात.

चित्रकथेचा वेग म्हणजे या उड्यांचा वेग. लहान चौकटी, दोनचार शब्द, की डोळा पळतो. शोजोची खरी करामत त्याला थांबवण्यात आहे. चौकटीची रेघच काढून टाकायची. एखादी आकृती डोक्यापासून पायापर्यंत चौकटींच्या बाजूने उभी करायची. मनातलं बोलणं फुग्यात न कोंडता पांढऱ्या जागेत मोकळं सोडायचं. कुंपण नसलं की पुढे कुठे उडी मारायची हे डोळ्याला चटकन ठरवता येत नाही, आणि तो तिथेच रेंगाळतो. शब्द आत बोलल्यासारखे ऐकू येतात. आपण डावीकडून वाचणारे, त्यामुळे उजवीकडून सुरू होणारं पान आधी अडखळवतं. दोनतीन पानांत नजर वळते.

दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीत तर दिवस, वर्षं निघून जातात, आणि ती भरतो आपण. मानसशास्त्रज्ञ नील कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाचकांच्या डोक्यावर विद्युतलहरी टिपणारे संवेदक लावून त्यांना चित्रपट्ट्यांच्या चौकटी एकेक करून दाखवल्या. चित्रांची जुळणी विस्कटलेली असली की सुमारे ४०० मिलिसेकंदांनी येणारी एक लहर मोठी होई. विसंगत शब्दांनी संपणारं वाक्य वाचतानाही हीच लहर उसळते. चित्रांच्या ओळीलाही वाक्यासारखी बांधणी असते आणि मेंदू पुढच्या चौकटीचा अंदाज आधीच बांधत असतो. म्हणूनच हागिओंना मधली वर्षं गाळता येतात.

आता करड्या छायांकडे या. मांगाच्या पानात बहुधा करडी शाई नसतेच. असतात ते काळे ठिपके, पूर्वी चिकटवायच्या पारदर्शक कागदावर छापून मिळणारे. त्याला स्क्रीनटोन म्हणतात. इंचाला ठिपक्यांच्या ६० ओळी असलेला टोन घेतला तर दोन ठिपक्यांत ०.४२ मिलिमीटर अंतर पडतं. निरोगी डोळा साधारण एका अंशाचा साठावा भाग वेगळा ओळखू शकतो. तो कागद भिंतीला लावून दीड मीटर मागे सरकलात, की ठिपके विरघळतात आणि सलग करडा रंग उरतो. हातात धरलेल्या पुस्तकात मात्र ठिपके नीट पाहिले तर दिसतात, नाही पाहिले तर नाही, आणि गालावरची सावली हलकीशी थरथरते. फोनवर पान लहान केलं की तेच ठिपके पडद्याच्या बारीक चौकोनांशी, म्हणजे पिक्सेलशी, भांडतात आणि गालावर नसलेल्या पट्ट्या उमटतात. शक्य असेल तर ही गोष्ट कागदावरच वाचा.

यापुढे शेवट सांगणार आहे.

बहिणी तेरा वर्षांच्या असताना डॉक्टर सांगतात की दोघींना वेगळं केलं नाही तर दोघीही जाणार. वेगळं केलं तर यूशी वाचणार नाही. शस्त्रक्रिया होते. यूजी भरू लागते, यूशी आटू लागते. यूजी तिला शेवटची भेटायला जाते तेव्हा खाटेवर तिला स्वतःचाच जुना चेहरा दिसतो.

गोष्टीतलं शरीरशास्त्र कल्पित आहे, पण ज्या तथ्यावर ती उभी आहे ते पक्कं आहे. जोडलेली जुळी एकाच फलित बीजापासून होतात, म्हणजे त्यांचा आनुवंशिक आराखडा एकच. रक्ताच्या असमान वाटणीलाही वास्तवात आधार आहे: एकच वार (प्लॅसेंटा) असलेल्या काही जुळ्यांत पोटात असतानाच एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहतं आणि देणारं बाळ खुरटतं. यूशी आणि यूजीचा चेहरा पहिल्यापासून एकच होता. आपल्याला तो दिसला नाही, कारण रेखाचित्रातलं माणूस आपण केसांवरून, गालांवरून, डोळ्यांतल्या चमकेवरून ओळखतो, आणि हागिओंनी नेमक्या याच खुणा दोघींत वाटून दिल्या होत्या.

चेहरा हा चेहरा आहे हे मेंदूला सुमारे १७० मिलिसेकंदांत कळतं. मेंदूच्या खालच्या बाजूला, कानशिलामागच्या भागात, चेहऱ्यांसाठी खास तत्पर असलेला एक पट्टा आहे; नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली त्याचं वर्णन केलं. चार रेघांनी काढलेला चेहराही त्याला पुरतो. अर्थ मात्र मागाहून येतो.

यूजी मोठी होते, सुंदर होते. सोळाव्या वर्षी ती आरशात पाहते. वाचणाऱ्याचा मेंदू आधी म्हणतो, ही यूशी. क्षणभराने आठवतं, यूशी तर गेली, ही यूजी. मी ते पान कितीही वेळा उघडलं तरी दर वेळी आधी यूशीच दिसते.