मिक्सर, भांडी आणि ऑपरेटिंग सिस्टिम

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे नक्की काय हे कळायला ओट्यावरचा मिक्सर पुरतो. खाली मोटर, म्हणजे प्रोसेसर, मेमरी वगैरे मंडळी. वर भांडी, म्हणजे तुमचं वर्ड, ब्राउझर, टॅली. मोटर नुसती गरगर फिरते, तिला खोबरं काय नि शेंगदाणे काय सारखंच, आणि भांड्याला स्वतःहून फिरता येत नाही. मधला तो दातेरी कपलर दोघांची गाठ घालून देतो, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. फरक एवढाच की मिक्सरवर एका वेळी एकच भांडं बसतं आणि कॉम्प्युटर सेकंदाला शेकडो वेळा भांडी अदलाबदल करतो, म्हणून आपल्याला वाटतं गाणं पण चालूय, मेल पण चालूय.

आता विंडोज. हा असा मिक्सर की भांडं कुठल्याही कंपनीचं आणा, आजीच्या काळातलं आणा, बसवून घेणारच. विंडोज ९५ च्या वेळचा किस्सा तर भारीच आहे. सिमसिटी नावाचा गेम विंडोजला परत केलेली मेमरी पुन्हा वापरायचा, म्हणजे चूक सरळसरळ गेमची, पण जुन्या विंडोजवर ते खपून जायचं आणि नव्यावर गेम बंद पडायला लागला. मग मायक्रोसॉफ्टवाल्यांनी काय करावं? विंडोजमधेच सोय करून ठेवली की सिमसिटी चालू असेल तर मेमरी जरा वेगळ्या पद्धतीने सांभाळायची! चीर भांड्याला आणि बदलला कपलर.

इंजिनिअरिंग कॉलेजांत फिरणारा तो फॉरवर्ड आठवतोय का, की विंडोजमधे 'कॉन' नावाचं फोल्डर बनत नाही हे एका भारतीयाने शोधलं आणि बिल गेट्सला पण कारण सांगता आलं नाही म्हणे? कारण एकदम साधं आहे हो. १९८१ च्या डॉसमधे, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या ऑपरेटिंग सिस्टिममधे, फोल्डर हा प्रकारच नव्हता, आणि कॉन हे कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड-स्क्रीनचं राखीव नाव होतं, त्या नावावर लिहिलं की मजकूर फाइलमधे न जाता स्क्रीनवर दिसायचा. १९८३ ला फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम कुठूनही कॉन अशी हाक मारणार, ती वाया जायला नको म्हणून ते नाव प्रत्येक फोल्डरमधे राखीव ठेवलं. प्रिंटरच्या 'पीआरएन'चं पण तेच. चाळीस वर्षं झाली, डॉस गेलं पण त्याची सोय अजून चालूच. विंडोज जड आणि कधीकधी विचित्र का वागतं याचं बरंचसं उत्तर इथेच आहे, माझ्या मते तरी.

मॅकचं बरोब्बर उलटं. मोटर त्यांची, कपलर त्यांचा, म्हणून सगळं एकमेकांत छान बसतं आणि आवाज पण करत नाही, किंमत मात्र विचारू नका. पण अॅपलला जुन्याची माया फार नाही. मोटर त्यांनी तीनदा बदलली, १९९४ ला पॉवरपीसी, २००६ ला इंटेल, २०२० ला स्वतःची चिप. दर वेळी जुनी भांडी चालावीत म्हणून मधे एक अडॅप्टर दिला आणि पहिल्या दोन वेळचे तर काही वर्षांनी काढून पण घेतले. २०१९ च्या कॅटलिना नावाच्या मॅकच्या आवृत्तीमधे ३२-बिटची, म्हणजे जुन्या धाटणीची, सगळी अॅप एका अपडेटमधे माळ्यावर गेली.

लिनक्सचा प्रकारच निराळा. १९९१ ला हेलसिंकीच्या २१ वर्षांच्या लिनस टॉरवाल्ड्सने जाहीर केलं की मी आपला हौसेखातर बनवतोय, फार मोठं काही होणार नाही. आणि त्याने दिला तो फक्त कर्नल, म्हणजे कपलरचा गाभा. बाकीची बॉडी, बटणं, झाकणं जो तो आपापल्या आवडीने जोडतो आणि त्यातूनच डेबियन, उबंटू अशी तयार लिनक्स निघाली, आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचं बॉस नावाचं लिनक्स पण डेबियनवरच उभं आहे. यातलं कुठलं घेऊ असं चार लिनक्सवाल्यांना विचारलं तर पाच नावं मिळतात आणि वर भांडण. पण हसू नका, तुमच्या अँड्रॉइड फोनमधे तोच कर्नल आहे, आणि २०१७ पासून जगातले सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटर सगळेच्या सगळे लिनक्सवर चालतात.

गंमत म्हणजे सगळी भांडी सांभाळणाऱ्या विंडोजनेच आता हट्ट धरलाय. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, बऱ्याच जुन्या मशीनमधे ती नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे भांडी जुनी चालतील, खालचा मिक्सर मात्र नवा आणा! असा धडधाकट लॅपटॉप घरात पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, तसं करताना हार्ड डिस्कला हात पण लागत नाही. फक्त वायफाय आणि प्रिंटर तेवढे पहिल्यांदा तपासा, अडलं तर तिथेच अडतं.