मुलींची जागतिक व्हॉलीबॉल स्पर्धा: कुरितिबापासून बालेवाडीच्या वेशीपर्यंत

2009 च्या जुलैअखेर पुण्यात जगभरचे व्हॉलीबॉलपटू उतरले. 21 वर्षांखालील मुलांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडानगरीत होती. शहरातल्या व्हॉलीबॉलवाल्यांसाठी तो सणच होता, पण बाहेर वातावरण वेगळं होतं. 3 ऑगस्टला स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातच. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, मास्कसाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा. तशाही दिवसांत मी आमच्या मैदानावरच्या चार मुलींना घेऊन बालेवाडीला गेले. सामन्याआधी ब्राझीलची पोरं सराव करत होती. लिफ्टर, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा खेळाडू, पाठ न वळवता मागे लिफ्ट द्यायचा आणि चेंडू दर वेळी जाळ्याच्या कडेच्या अँटेनापाशी त्याच उंचीवर यायचा. चौघींपैकी एकीने, नववीत होती ती, डोळे न हलवता विचारलं, “ताई, मुलींची अशी स्पर्धा कुठे असते?”

मुलींची 18 वर्षांखालची जागतिक स्पर्धा तेव्हा नुकतीच, त्याच जुलैत, थायलंडमध्ये होऊन गेली होती. तीही ब्राझीलनेच जिंकली होती आणि पुढे पुण्यातलं मुलांचं विजेतेपदही ब्राझीलकडेच गेलं. पण तिचा प्रश्न एका ओळीत संपणारा नव्हता. या स्पर्धेमागे मोठा इतिहास आहे, आणि तो नीट पाहिला तर एक गोष्ट ठळक दिसते: जागतिक पातळीवर या खेळाने मुलींना फारसं ताटकळत ठेवलं नाही. उशीर झाला तो आपल्याकडे.

व्हॉलीबॉल 1895 मध्ये अमेरिकेतल्या होल्योक गावात जन्मला. वायएमसीए या ख्रिस्ती तरुणांच्या संस्थेचे शारीरिक शिक्षक विल्यम मॉर्गन यांना मध्यमवयीन व्यावसायिकांसाठी बास्केटबॉलपेक्षा कमी धसमुसळा खेळ हवा होता. नाव होतं मिंटोनेट, आणि जाळं साडेसहा फुटांवर. वायएमसीएच्या माणसांबरोबर तो आशियात आला. मद्रासमध्ये 1920 साली हॅरी बक यांनी शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय काढलं. तिथे शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांमुळे असे खेळ देशभरच्या शाळांत रुजले. आपल्या गावागावांत त्याचं शूटिंग बॉल हे भावंडही वाढलं, पण ते बहुतेक पुरुषांचंच राहिलं.

आंतरराष्ट्रीय महासंघ, म्हणजे एफआयव्हीबी, 1947 मध्ये पॅरिसला स्थापन झाला. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा 1949 ला झाली आणि महिलांची 1952 ला, मॉस्कोत. मध्ये फक्त तीन वर्षं. फुटबॉलमध्ये हेच अंतर 1930 ते 1991 असं एकसष्ट वर्षांचं आहे. मॉस्कोच्या त्या पहिल्या महिला स्पर्धेत आठ संघ होते: सोव्हिएत संघ, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया, बल्गेरिया, रुमानिया, हंगेरी, फ्रान्स आणि भारत. होय, भारत. आपली राष्ट्रीय संघटना 1951 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी आपल्या बायका मॉस्कोच्या मैदानावर होत्या. त्या आठव्या, म्हणजे शेवटच्या आल्या, पण होत्या. ही गोष्ट मी शाळांमध्ये सांगते तेव्हा क्रीडाशिक्षकही चकित होतात. ती पाठ्यपुस्तकात का नसावी, हे मला आजही कळत नाही.

1964 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये व्हॉलीबॉल आला तो पुरुष आणि महिला असा एकदमच. ऑलिम्पिकमधला महिलांचा हा पहिला सांघिक खेळ. तिथे जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्णपदक घेतलं. त्यातल्या बहुतेकजणी ओसाकाजवळच्या निचिबो कापड गिरणीच्या संघातल्या. दिवसा गिरणीत काम आणि नंतर प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु यांच्याबरोबर मध्यरात्र उलटेपर्यंत सराव. चेंडू उचलण्यासाठी अंग झोकून द्यायचं, खांद्यावरून गोलांटी घ्यायची आणि त्याच लयीत उभं राहायचं, ही त्यांची खूण. तो सराव इतका कठोर होता की आज कोणी शाळकरी मुलीला तसा देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पण उंच युरोपियनांपुढे बुटक्या आशियाई मुली बचावाच्या बळावर उभ्या राहू शकतात, हे जगाला त्यांनीच दाखवलं.

यानंतर खेळाडू लहान वयात घडवण्याची चढाओढ सुरू झाली. 1977 मध्ये ब्राझीलमध्ये ज्युनिअर गटाच्या जागतिक स्पर्धा सुरू झाल्या, त्याही मुलांच्या आणि मुलींच्या एकाच वर्षी. मुलींमध्ये दक्षिण कोरिया जिंकला आणि 1981 ला मेक्सिकोत पुन्हा तोच. मग त्याखालचा गट आला. 1989 मध्ये ब्राझीलच्याच कुरितिबा शहरात मुलींची पहिली ‘यूथ’ जागतिक स्पर्धा झाली, तीच ही 18 वर्षांखालची. त्याच वर्षी मुलांचीही सुरू झाली. कुरितिबात सोव्हिएत संघ जिंकला. स्पर्धा दर दोन वर्षांनी ठरली. पुढच्या विजेत्यांकडे पाहिलं की आशियाची ताकद लक्षात येते: 1991 दक्षिण कोरिया, 1995 आणि 1999 जपान, 2001 आणि 2003 चीन. मध्ये 1993 ला रशिया आणि 1997 ला ब्राझील. पुढची काही वर्षं ब्राझील आणि चीन आलटूनपालटून.

या काळात खेळाचे नियमही बदलले आणि त्यातला एक बदल आपल्या मुलींच्या दृष्टीने फार मोलाचा. पूर्वी सर्व्हिस ज्याच्याकडे त्यालाच गुण मिळायचा आणि पंधरा गुणांचा सेट तासभरही चालायचा. विसाव्या शतकाच्या शेवटी प्रत्येक रॅलीला गुण, चार सेट पंचवीसचे आणि पाचवा पंधराचा, अशी पद्धत आली. त्याच सुमारास लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठीची खेळाडू, आली. वेगळ्या रंगाची जर्सी, स्मॅश नाही, ब्लॉक नाही, फक्त रिसीव्ह, म्हणजे समोरची सर्व्हिस घेणं, आणि बचाव. जाळं 2.24 मीटरवर असताना आपल्याकडची पाच फूट एक इंचाची मुलगी ब्लॉकला काय करणार? लिबेरोने तिला संघात हक्काची जागा दिली. आमच्या मैदानावर याआधी ‘उंची नाही’ म्हणून परत पाठवलेल्या कितीतरी मुली मला आठवतात. त्यांच्यासाठी हा नियम फार उशिरा आला.

2011 ला यजमान तुर्कस्तानच्या मुलींनी अंकाऱ्यात विजेतेपद घेतलं. तेव्हा त्या निकालाकडे कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. 2023 मध्ये तुर्कस्तानच्या महिला नेशन्स लीग आणि युरोपीय अजिंक्यपद दोन्ही जिंकल्या. इटलीचं उदाहरण तर याहून ठसठशीत. तिथल्या महासंघाने प्रशिक्षक ज्युलिओ वेलास्को यांच्या पुढाकाराने 1998 मध्ये ‘क्लब इटालिया’ नावाचा संघ काढला. निवडक किशोरवयीन मुलींनी एकत्र राहायचं, शाळा करायची आणि मोठ्या क्लबांविरुद्ध लीगमध्ये खेळायचं. हरल्या तरी चालेल, पण रोज मोठ्यांशी खेळायचं. 2015 ला पेरूतल्या लिमात आणि 2017 ला अर्जेंटिनातल्या रोसारिओत इटलीने ही 18 वर्षांखालची स्पर्धा जिंकली. लिमात सर्वोत्तम खेळाडू ठरली पाओला एगोनू. नऊ वर्षांनी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये इटलीच्या महिलांना पहिलं सुवर्ण मिळालं. तिथेही सर्वोत्तम खेळाडू एगोनूच आणि प्रशिक्षक होते वेलास्को.

2019 ला इजिप्तमध्ये अमेरिका जिंकली आणि 2021 ला मेक्सिकोतल्या दुरांगोत रशिया. त्यानंतर वयोगटांची फेरमांडणी झाली. 18 वर्षांखालचा गट 2023 पासून 19 चा झाला आणि त्याखाली 17 चा नवा गट निघाला. या नव्या गटाची पहिली स्पर्धा 2024 मध्ये लिमात झाली, ती चीनने जिंकली.

आता थायलंडकडे येते, कारण पुण्याने खरं शिकायचं ते तिथून. बँकॉकपासून काही तासांवर नाखोन रात्चासिमा नावाचं शहर आहे, लोक त्याला कोरात म्हणतात. राजधानी नाही, समुद्रकिनाऱ्याचं पर्यटनस्थळही नाही. मुलींची जागतिक स्पर्धा तिथे 2009 ला झाली आणि 2013 ला पुन्हा. त्याआधी 1997 ला ती चियांग माईत झाली होती. त्याखेरीज महिलांची आशियाई अजिंक्यपद स्पर्धाही कोरातने अनेकदा भरवली. गावातल्या शाळकरी मुलींनी जगातल्या आपल्याच वयाच्या मुली वारंवार समोर पाहिल्या. थायलंडच्या महिलांनी 2009 मध्ये हनोईत चीनला हरवून पहिलं आशियाई विजेतेपद घेतलं, 2013 ला घरच्या कोरातमध्ये दुसरं आणि 2023 ला तिथेच तिसरं. उंचीत त्या आपल्यासारख्याच. वेगवान लिफ्ट आणि न थकणारा बचाव एवढ्यावर त्यांनी हे केलं. थाई मुलींचा सामना पाहताना मला दर वेळी खो-खोच्या पाटीवरून सुटणाऱ्या आपल्या पोरी आठवतात, तेच खाली बसलेलं अंग, तीच क्षणात दिशा बदलण्याची हातोटी.

आणि खो-खो हे पुण्याचं घरचं दूध. पुण्याच्या जिमखान्यांनीच या खेळाला नियम दिले. मुलींच्या शिक्षणात हे शहर पुढे, मुलींच्या मैदानी खेळातही मागे नव्हतं. सोयीही आल्या. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीची क्रीडानगरी उभी राहिली. 2008 ला तिथे राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या, पण त्यात व्हॉलीबॉल नव्हता. 2009 ला मुलांची जागतिक स्पर्धा झाली. 2019 च्या जानेवारीत खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या. त्यात 17 आणि 21 वर्षांखालच्या मुलींचा व्हॉलीबॉल होता आणि पदकतक्त्यात महाराष्ट्र पहिला आला. भारताच्या मुलांनी तर 2003 मध्ये थायलंडमध्ये यूथ जागतिक स्पर्धेचं रौप्यपदक आणलं होतं, अंतिम सामन्यात ब्राझीलशी हरून. मुलींच्या बाजूला असं पान अजून लिहायचं आहे.

का, याचं उत्तर मला मैदानावरच मिळतं. जागतिक स्पर्धा साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होतात, कारण युरोप-अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी त्याच सुमाराची. आपल्याकडे जूनमध्ये शाळा सुरू होते आणि पाऊसही. मुरमाच्या कोर्टवर आम्ही उन्हाळ्यात संध्याकाळी पाणी मारतो, फक्कीने रेषा आखतो, जाळ्याची तार ताणतो आणि मुली गुडघे सोलून घेतात तरी हसत असतात. जुलैत त्याच कोर्टचा चिखल होतो. चेंडू भिजून जड होतो, रिसीव्ह घेणाऱ्या मुलीच्या हातावर लाल वळ उठतात. मग शाळेच्या व्हरांड्यात भिंतीवर पासिंग, जिन्यावर उड्या. इनडोअर हॉल शहरात आहेत, पण झोपडपट्टीतल्या किंवा उपनगरातल्या शाळेच्या मुलीला तिथे रोज जायला बस, भाडं आणि घरची परवानगी तिन्ही लागतं.

दुसरं कारण दहावी. सोळावं-सतरावं वर्ष, म्हणजे नेमकं या जागतिक स्पर्धेचं वय, आपल्याकडे बोर्डाचं वय असतं. महापालिका क्षेत्र, जिल्हा, विभाग, राज्य अशी शालेय स्पर्धांची चढण मुलगी आठवीत-नववीत चढते आणि दहावीत घरचे म्हणतात, “आता एक वर्ष बंद.” ते एक वर्ष बारावीपर्यंत लांबतं. त्या पालकांना दोष देणं मला जमत नाही. ज्या खेळातून पुढे काय, हे कोणी सांगत नाही, त्यासाठी पोरीचं वर्ष कोण पणाला लावेल? केरळमध्ये रेल्वे आणि वीज मंडळाच्या महिला संघांनी पिढ्यान् पिढ्या नोकऱ्या दिल्या, म्हणून तिथल्या आया मुलींना स्वतः मैदानावर सोडतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, परीक्षेत क्रीडागुण आहेत. पण व्हॉलीबॉलमधून तिथवर पोचलेली मुलगी शाळेतल्या मुलींना दिसली पाहिजे, तेव्हा घरी पटेल.

तिसरं कारण संघटनेचं. 2016 च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय महासंघाने भारतीय संघटनेला अंतर्गत भांडणांवरून निलंबित केलं. मोठ्यांच्या वादात दोन वर्षं गेली तर मोठ्यांचं फारसं काही जात नाही. सोळा वर्षांच्या मुलीचा अख्खा वयोगट जातो, आणि तो परत देता येत नाही. हे लिहिताना मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

बालेवाडीला हॉल आहे, जागतिक स्पर्धा भरवल्याचा अनुभव आहे, राहायची सोय आहे. कोरातपेक्षा पुणे मोठं शहर आहे. मुलींची आशियाई किंवा जागतिक स्पर्धा इथे मागायला हवी, एकदा नव्हे तर कोरातसारखी पुन्हा पुन्हा. आणि ती ऑगस्टमध्येच होणार असेल तर त्या आठवड्यात शहरातल्या प्रत्येक शाळेच्या मुलींना बसने तिथे नेलं पाहिजे.

2009 ला प्रश्न विचारणारी ती मुलगी पुढे विद्यापीठापर्यंत खेळली. आता ती उपनगरातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. परवा तिच्या सरावाला गेले तेव्हा पाऊस कोसळत होता. पत्र्याच्या शेडखाली सतरा मुली, जाळ्याच्या जागी दोरी, आणि ती एका बुटक्या मुलीला लिबेरोची उभं राहण्याची पद्धत दाखवत होती: पाय खांद्याहून रुंद, वजन पुढे, हात सैल. चेंडू उसळला, मुलगी पुढे झेपावली, कोपरं फरशीवर घासली गेली आणि चेंडू वर गेला.