कर लागूच होता, वसूल कोणी करायचा?

अमेरिकेत इंटरनेटवरच्या खरेदीला विक्रीकर नसतो, असा समज कित्येक वर्षं पक्का होता. कायदा मात्र तसा कधीच नव्हता. १९३०च्या दशकातल्या महामंदीत अनेक राज्यांनी तिजोरी सावरायला विक्रीकर आणला. शेजारच्या राज्यातून माल आणून तो चुकवता येऊ नये, म्हणून जोडीला ‘वापर कर’ही बसवला. परराज्यातल्या विक्रेत्याने कर घेतला नाही, तर ग्राहकाने तो स्वतःहून भरायचा. भरत जवळजवळ कोणीच नव्हतं, आणि घरोघरी जाऊन ‘हा सोफा कुठून आणलात?’ असं विचारणं राज्यांना शक्य नव्हतं. म्हणून सगळा तंटा एका मुद्द्यावर आला: परराज्यातल्या विक्रेत्याला कर गोळा करायला लावता येतं का?

१९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘नाही’ म्हटलं. बेलास हेस ही मिसुरीतली कंपनी वर्षातून दोनदा टपालाने कॅटलॉग पाठवायची. इलिनॉय राज्यात तिचं ना दुकान, ना गोदाम, ना विक्रेता. नुसत्या टपालाच्या संबंधावर ही जबाबदारी लादता येत नाही, असा निकाल लागला. १९९२ मध्ये ऑफिसचं सामान विकणाऱ्या क्विल कंपनीने नॉर्थ डकोटाविरुद्ध हाच मुद्दा जिंकला. त्या राज्यात तिचे सुमारे ३,००० ग्राहक होते आणि वर्षाला जवळपास १० लाख डॉलरची विक्री. आंतरराज्य व्यापाराचे नियम करण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा आहे, बदल हवा तर तिने करावा, असं न्यायालयाने सांगितलं.

दोनच वर्षांनी ॲमेझॉनची स्थापना झाली, आणि कॅटलॉगच्या काळातला नियम एका अवाढव्य बाजाराला लागू झाला. गावातल्या दुकानदाराने कर लावायचा आणि वेबसाइटने नाही, हा मला उघड अन्याय वाटतो. काँग्रेस मात्र हलली नाही. २०१३ मध्ये सिनेटने परराज्यातल्या विक्रेत्यांना कर गोळा करायला लावण्याची मुभा राज्यांना देणारं विधेयक ६९ विरुद्ध २७ मतांनी मंजूर केलं, ते प्रतिनिधिगृहात अडकलं.

शेवटी साउथ डकोटाने पाऊल उचललं. तिथे राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे सगळी मदार विक्रीकरावर. राज्यात वर्षाला १ लाख डॉलरहून जास्त विक्री किंवा किमान २०० व्यवहार करणाऱ्याने कर गोळा करावा, असा कायदा २०१६ मध्ये झाला. क्विलचा निकाल फिरवून घेण्यासाठीच तो केला होता. फर्निचर विकणारी वेफेअर आणि इतर कंपन्यांविरुद्धचा खटला थेट वरपर्यंत गेला. २१ जून २०१८ रोजी न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी राज्याची बाजू उचलून धरली. निकाल न्यायमूर्ती केनेडी यांनी लिहिला.

सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांचं विरोधी मतही वाचण्यासारखं आहे. जुना निकाल चुकीचा होता हे त्यांनाही मान्य होतं, पण तो बदलणं काँग्रेसचं काम, असं त्यांचं म्हणणं. देशात विक्रीकर लावणारी १०,००० हून अधिक कार्यक्षेत्रं आहेत. न्यू जर्सीत स्वेटरसाठी घेतलेल्या लोकरीवर कर नाही, कलाकुसरीसाठी घेतली तर आहे, असा दाखला त्यांनी दिला. एकट्याने दुकान चालवणाऱ्या विक्रेत्याने हे सांभाळायचं कसं, ही त्यांची काळजी रास्त होती.

नंतर राज्यव्यापी विक्रीकर असलेल्या सर्व ४५ राज्यांनी असे कायदे केले. शेवटचं राज्य मिसुरी, १ जानेवारी २०२३ पासून. बेलास हेस तिथलीच. त्याच वर्षीच्या जुलैपासून साउथ डकोटाने २०० व्यवहारांची अट काढून टाकली.